बाटली बदलली, मापही बदला

प्रश्न : माझा नातू दोन महिन्यांचा आहे, फक्त आईच्या दुधावर. सूनबाई त्याला रोज ‘ड’ जीवनसत्त्वाचं औषध देते. मी तर रोज सकाळी साडेसातला त्याला गॅलरीत कोवळ्या उन्हात घेऊन बसते, मग औषध कशाला? आमच्या मुलांना आम्ही गुटीशिवाय काही दिलं नाही. त्यात दहा दिवसांपूर्वी बाटली संपली म्हणून मुलाने दुसऱ्या कंपनीची आणली. जुनीवर एक एमएलला ४०० लिहिलं होतं, हिच्यावर ८०० आहे. सूनबाई आधीसारखंच एक एमएल देते. बाळाला काही अपाय तर झाला नसेल? आणि हे औषध गुटीत कालवून दिलं तर चालेल का?
– एक आजी, सांगली

उत्तर : ताई, आधी बाटलीचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. दहा दिवस ८०० युनिट गेले म्हणून बाळाला काही होणार नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी दिवसाला १००० युनिट ही वरची मर्यादा धरतात, तुम्ही तिच्या आतच आहात. पण आजपासून अर्धा एमएल द्या. बाळाला रोज हवेत ४०० युनिट. ४००च्या बाटलीतून ते एक एमएलमध्ये मिळतात, ८००च्या बाटलीतून अर्ध्यात. ड्रॉपरवर अर्ध्याच्या रेघेपाशी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवा, म्हणजे रात्री अर्धवट झोपेतही चूक होणार नाही. आणि ज्या बाटलीचा ड्रॉपर, त्याच बाटलीला वापरा.

तुम्ही लेबल वाचलंत, याचं मला फार बरं वाटलं. बरेच जण वाचत नाहीत. परदेशातून नातेवाईक बाटल्या आणतात, त्यातल्या काहींत एका थेंबातच ४०० युनिट असतात. तिथे ड्रॉपर भरून दिला तर काय होईल, विचार करा. माझ्याकडे एकदा सात महिन्यांची मुलगी आली होती. उलट्या, शौचाला कडक, सारखी लघवी, वजन घटलेलं. घरात आजोबांसाठी ‘ड’ची पुडी होती, आठवड्याला एक घ्यायची, ६०,००० युनिटची. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून तीच पुडी दर रविवारी दुधातून मुलीलाही जात होती. एक पुडी म्हणजे तिच्या १५० दिवसांचं औषध! ‘ड’मुळे अंगात कॅल्शियम शोषलं जातं; तिच्या रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढलं होतं की सलाइन लावून कित्येक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. प्रेमापोटीच दिलं होतं हो त्यांनी.

आता ऊन. साडेसातचं ऊन अंगाला गोड लागतं, पण ‘ड’ तयार करणारे किरण त्यात जवळजवळ नसतात. सूर्य खाली असतो, किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि नेमके हेच वाटेत गळतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, तेव्हा ते किरण जमिनीपर्यंत नीट पोहोचतात. त्या उन्हात दोन महिन्यांचं बाळ ठेवायचं नाही. शिवाय अंगात झबलं, डोक्याला टोपडं, आणि गॅलरीला काच असेल तर ती हे किरण अडवतेच. तरी तुमचं बसणं मोडू नका. नातवाला मांडीवर घेऊन बसायला औषधाचं कारण कशाला हवं?

‘आमच्या वेळी नव्हतं’ हे मला रोज ऐकू येतं. पण मुडदूस, म्हणजे ‘ड’ कमी पडून मुलांची हाडं मऊ होण्याचा आजार, हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता, तो उगीच नाही. पाय धनुष्यासारखे वाकलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कित्येक घरांत मुलांना कॉडलिव्हर तेल नाक दाबून पाजत, ते याच ‘ड’साठी. शिवाय तेव्हा तेल लावलेलं उघडं मूल अंगणात लोळायचं.

आणि सूनबाईच्या दुधात काही कमी आहे, असं कृपा करून तिला वाटू देऊ नका. आईचं दूध उत्तमच, पण कुठल्याच आईच्या दुधात ‘ड’ पुरेसं उतरत नाही, एका लिटरमध्ये बहुधा शंभर युनिटही नसतात. म्हणून जन्मानंतर लवकरच सुरू करून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० द्यायचे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा वरच्या डब्यातल्या दुधावर असेल, तर मात्र डोस त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

रोज म्हणजे रोज. पाच महिन्यांचं एक बाळ झटके येतात म्हणून रात्री आणलं होतं. ताप नव्हता, तपासलं तर कॅल्शियम तळाला गेलेलं. औषध लिहून दिलेलं होतं; पहिली बाटली संपली आणि दुसरी कुणी आणलीच नाही. तुमच्या मुलाने आणली, हे चांगलंच केलं. एखादा दिवस चुकला तर मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

गुटीत कालवू नका. खरं सांगायचं तर सहा महिने गुटीही नको. सहाण, पाणी, बोट, कशातूनही जंतू पोटात जातात. पाण्यात किंवा बाटलीतल्या दुधात मिसळलं, तर तळाशी किती उरलं ते कळत नाही. बाळाला मांडीवर थोडं उभट धरा, ड्रॉपरचं टोक गालाच्या आत टेकवा, हळूहळू सोडा आणि लगेच पाजायला आईकडे द्या.