ताऱ्यापर्यंतचं इंजिन शिकायचंय, मग बारावीनंतर काय?

भाऊ, नमस्कार.

दारव्ह्याहून तुम्ही विचारलंय की मुलगी अकरावी सायन्सला आहे, दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जाणाऱ्या यानाचं इंजिन शिकायचं म्हणते. एका क्लासवाल्यांनी सुचवलेला सहा महिन्यांचा ‘स्पेस कोर्स’ लावावा का? नका लावू. प्रवेश किंवा नोकरी देताना त्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही.

तिचा विषय मात्र खरा आहे, आणि त्याचं मूळ अकरावीच्या गणितातच आहे. वाटेत चारा मिळणार नसेल तर बैलांचं कुटार गाडीतच न्यावं लागतं. गाव जितकं लांब तितकं कुटार जास्त, आणि ते ओढायला आणखी कुटार. रॉकेटचं हेच दुखणं आहे. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी 1903 मध्ये त्याचं सूत्र मांडलं. तिला वही आणि लॉग टेबल घेऊन बसवा. हव्या असलेल्या वेगाला इंजिनातून वायू सुटण्याच्या वेगाने भागायचं, आलेल्या आकड्याला 2.303 ने भागायचं आणि अँटिलॉग काढायचा. भरलेलं यान रिकाम्याच्या किती पट जड, ते कळतं.

सूर्यमालेबाहेर गेलेल्या व्हॉयेजर-1 या यानाचा वेग सेकंदाला सुमारे 17 किमी आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनात वायू 4.5 किमीने सुटतो, म्हणजे तेवढ्या वेगासाठी यान जवळपास 44 पट जड. आयन इंजिन झेनॉन वायूचे विद्युतभारित कण (आयन) विजेच्या जोरावर मागे फेकतं. त्यात 30 किमी धरा, उत्तर येतं फक्त 1.76 पट. पण त्या 17 किमीनेही सर्वांत जवळचा तारा 75 हजार वर्षांवर आहे! प्रकाशाच्या एक टक्का, म्हणजे सेकंदाला 3000 किमी वेग हायड्रोजनच्या इंजिनाने मागून बघा, यान किती पट जड याचं उत्तर 290 अंकी येईल. म्हणूनच संशोधक अणुसंमीलन (सूर्यात चालतं तसं अणू जुळवून ऊर्जा काढणं) आणि प्रकाशाच्या दाबावर चालणाऱ्या शिडांकडे वळतात.

आयन इंजिनाचा जोर अगदी कमी. नासाच्या ‘डॉन’ यानाच्या (2007) आयन इंजिनाचा जोर वहीच्या दोन मोठ्या कागदांच्या वजनाएवढा होता, पण तो वर्षानुवर्षं लावायचा असतो. तेवढ्या काळात आयन आपटून, ते ज्यातून बाहेर पडतात ती इंजिनाची जाळी झिजते. ती टिकवायची कशी, हा आजचा खरा, नोकरी देणारा प्रश्न. भारताच्या जीसॅट-9 उपग्रहावर (2017) झेनॉनचं इंजिन होतं.

म्हणून बारावीनंतर फिजिक्स, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल, यांतलं काहीही चालेल. कुठल्याही कॉलेजात केवळ नावासाठी एरोनॉटिकल घेऊ नका. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीला (अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञानाची सरकारी संस्था) जेईई अॅडव्हान्स्ड लागते. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत बायोलॉजीचेही 15 प्रश्न असतात, तो विषय सोडू देऊ नका. आयन इंजिनातला विद्युतभारित वायू म्हणजे प्लाझ्मा; त्यावर पुढे पीएचडीसाठी गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आहे.

एक गोष्ट आत्ताच करा. जेईई मेनचा पेपर मराठीत घेता येतो, अॅडव्हान्स्डचा फक्त इंग्रजी किंवा हिंदीत असतो. फिजिक्सची गणितं रोज दोन तरी इंग्रजीतून वाचून सोडवायला लावा.