हंडा उचलायची घाई नको

प्रश्न : मी २३ वर्षांची, केज तालुक्यातली. वयात आल्यापासून माझे स्तन नळीसारखे निमुळते आहेत, डावा तर फारच लहान. डॉक्टरांनी ‘ट्युब्युलर ब्रेस्ट’ म्हणून सांगितलं. आई म्हणते, लेकरं झाली की भरतील. ऑपरेशन केलं तर किती दिवस काम बंद ठेवावं लागेल? घरचं पाणी मीच भरते.

उत्तर : पोरी, यात तुझं काहीच चुकलेलं नाही. ही जन्मजात ठेवण आहे, वयात येताना दिसू लागते. बोंडाभोवती आत एक घट्ट पट्टा असतो. त्यामुळे स्तन खालच्या बाजूला पसरत नाही, पुढेच ढकलला जातो. बाळंतपणानं हा पट्टा सुटत नाही, आईला समजावून सांग. मात्र अशा ठेवणीत दुधाच्या ग्रंथी कधी कधी मुळातच कमी असतात, ऑपरेशननंही दुधावर परिणाम होऊ शकतो. हे आधी सर्जनशी बोलून घे.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. बोंडाच्या कडेनं छेद घेऊन तो पट्टा आतून मोकळा करतात, मग सिलिकॉनचं इम्प्लांट किंवा तुझ्याच पोटा-मांडीची चरबी भरतात. कधी दोन टप्पे लागतात. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं.

आता पाण्याचं. भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो. रिकामा हंडा कडेवर घेऊन दुसरा हात छातीवर ठेव, स्नायू कसा ताठतो ते कळेल. बसून करायचं काम आठ-दहा दिवसांनी जमतं. हंडा, घागर, दळणाचा डबा सहा आठवडे अजिबात नाही. माझी एक पेशंट अकराव्या दिवशी टँकर आला म्हणून धावली, दोन घागरी उचलल्या. रात्री एक बाजू टम्म फुगली. आत साठलेलं रक्त पुन्हा भूल देऊन काढावं लागलं. तिचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. असं एकदम सुजलं, लाल झालं किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नकोस.

सपोर्टची ब्रा चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं जीव नकोसा होतो, म्हणून दिवाळीनंतरची तारीख घे. तेव्हा टँकरमागे धावायची वेळही सहसा येत नाही. मिश्री लावत असशील तर महिनाभर आधीच बंद कर, तंबाखूनं जखम भरत नाही. आकार बसायला तीन ते सहा महिने, व्रण फिका व्हायला वर्षभर लागतं.

आणि स्थळं बघतायत म्हणून घाईनं करू नकोस. तुला स्वतःला हवं असेल तरच कर. तारीख घेण्याआधी मात्र ते सहा आठवडे पाणी कोण भरणार, हे भावाशी बोलून पक्कं करून घे.