अण्णांचा मोंबासाचा काका आणि लंडनचा वकील

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र आणि सोबत जोडलेले मेल, सगळं नीट वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुझे सासरे, अण्णा, तलाठी म्हणून नोकरीला लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांचा सख्खा काका पन्नासच्या दशकात केनियातल्या मोंबासाला गेला, काही वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. मध्यंतरी अण्णांना लंडनच्या एका ‘बॅरिस्टर’चा मेल आला. तुमच्या आडनावाचा माझा अशील मृत्युपत्र न करता वारला, बँकेत ४२ लाख पौंड पडून आहेत, जवळचे वारस तुम्हीच. ‘कोर्ट फी’चे ४२ हजार रुपये अण्णांनी तुझ्या हातात रोख दिले आणि तू ते तुझ्या खात्यातून पाठवलेस. पुढचे १ लाख ६५ हजार त्यांनी गेल्या सोमवारी स्वतः बँकेत जाऊन भरले. आता ‘दहशतवादविरोधी प्रमाणपत्रा’साठी ३ लाख ८० हजार मागितलेत आणि त्यासाठी अण्णा पोस्टातली ठेव मोडायला निघालेत. नवऱ्याला सांगू नकोस म्हणून तुला शपथ घातली आहे. तू विचारतेस, हे खरं असेल का, आणि नसेल तर सुनेनं सासऱ्यांना सांगायचं तरी कसं?

खरं नाही. यात तिळमात्र शंका ठेवू नकोस. सांगायचं कसं याकडे येतेच, पण आधी आजचं काम.

हे वाचून झालं की १९३० हा नंबर फिरव. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. चोरांचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहतात, आणि कुणीतरी ते रोख काढून घेईपर्यंतच गोठवता येतात. म्हणून तासातासाला किंमत आहे. आठवडा उलटलाय, उशीर झालाय हे खरं, पण म्हणून फोन टाळू नकोस. पहिली रक्कम तुझ्या खात्यातून गेली, म्हणजे तक्रारदार तू स्वतः आहेस. तुला कुणाची परवानगी लागत नाही. व्यवहाराचा यूटीआर नंबर (म्हणजे बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक), तारीख आणि समोरचा खाते क्रमांक हाताशी ठेव. तुझ्या बँकेलाही लेखी कळव. आणि अण्णांनी रागानं किंवा लाजेनं मेल पुसून टाकू नयेत एवढं बघ, पुरावा तोच आहे.

पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव तूच पत्रात लिहिलं आहेस. कुणा बाईचं भारतातल्याच बँकेतलं बचत खातं. लंडनच्या कोर्टाची फी भारतातल्या एका बाईच्या बचत खात्यात का भरायची? अशी खाती गरजू माणसांकडून थोड्या पैशांच्या आमिषानं भाड्यानं घेतलेली असतात. फी कोर्टाची, सरकारची किंवा कस्टमची आणि खातं मात्र खासगी माणसाचं, एवढं दिसलं तरी हात आखडायला पुरे.

आता मेलविषयी. मी ते तारखेच्या क्रमानं लावून वाचले आणि एका जागी थबकले. पहिल्या मेलमध्ये काकांचं नावच नाही. ‘तुमचे दिवंगत नातलग श्री.’ आणि पुढं फक्त आडनाव. अण्णांनी उत्तरात विचारलं, हे मोंबासाला गेलेले आमचे काका का? आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. तिसऱ्या दिवशी आलेल्या मेलमध्ये ते पूर्ण नाव आहे, मोंबासा आहे, आणि स्पेलिंगसुद्धा अण्णांनी केलं होतं तेच. म्हणजे वकिलाकडे माहिती नव्हती, अण्णांनीच ती दिली आणि वकिलानं ती परत अण्णांनाच ऐकवली. तोच पहिला मेल आडनाव तेवढं बदलून हजारो लोकांना गेलेला असतो. कुणाचा ना कुणाचा काका, मामा, चुलत आजोबा परदेशात हरवलेला असतोच. याच धंद्यात पूर्वी खऱ्या अपघातांत गेलेल्या खऱ्या माणसांची नावंही वापरली गेली. २००० साली पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळलं, त्यातल्या मृतांच्या नावानं अशी पत्रं जगभर फिरली, सोबत बातमीची लिंक लावून. लिंक खरी, मृत्यू खरा, वारसा खोटा.

दुसरी खूण शिक्क्याची. जोडलेल्या कागदावर ‘हायकोर्ट ऑफ युनायटेड किंग्डम’ असा गोल शिक्का आहे. असं कोर्टच नाही. इंग्लंड आणि वेल्सची कोर्टं वेगळी, स्कॉटलंडची वेगळी, उत्तर आयर्लंडची वेगळी. शिवाय इंग्लंडमध्ये मृताच्या मालमत्तेची व्यवस्था बहुधा बॅरिस्टर नाही, सॉलिसिटर, म्हणजे कागदपत्रांची कामं करणारा वकील बघतो. त्याचं नाव तिथल्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत कुणालाही शोधता येतं, आणि तोतया वकिलांबद्दलचे इशारेही ही संस्था प्रसिद्ध करते. कधी कधी खऱ्या वकिलाचं नाव चोरलेलं असतं, म्हणून फोन करायचाच तर मेलमधल्या नंबरावर नाही, यादीतल्या नंबरावर करावा. आणि वारसा कर? इंग्लंडमध्ये तो आहे, ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या रकमेवर साधारणपणे ४० टक्के. पण तो मृताच्या मालमत्तेतून भरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पेन्शनरानं आधी खिशातून भरायचा नसतो. वारस शोधून देणाऱ्या खऱ्या संस्थाही तिथं आहेत. त्या आपली टक्केवारी घेतात, पण पैसे हातात आल्यावर त्यातून.

आता अण्णा. इथं सगळ्यात जपून पावलं टाकायची आहेत. ‘अहो, फसवलं तुम्हाला’ असं सुनेच्या तोंडून आलं की ते वकिलाच्या बाजूनं बोलू लागतील. माणूस अशा वेळी पैसे वाचवत नसतो, आपला शहाणपणा वाचवत असतो. म्हणून तू सांगू नकोस, विचार. तू घरात आलीस त्याच्या कितीतरी आधीपासून या माणसानं वारस नोंदी धरल्या आहेत. गाव नमुना ६-क ची, म्हणजे वारस नोंदींची वही त्यांच्या हाताखालून गेली आहे. चहा झाल्यावर, ते निवांत असताना, मेलच्या प्रिंट समोर ठेव आणि विचार:

‘अण्णा, खातेदाराच्या मृत्यूचा दाखला न बघता तुम्ही कधी वारस नोंद धरली असती का? वंशावळ न घेता? नमुना ९ ची नोटीस न काढता?’

त्यांना उत्तर पाठ आहे. दोन गुंठ्यांच्या वरकस जमिनीलाही मृत्यूचा दाखला लागतो, वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात, चावडीवर कागद लागतो. कारण वारसा ही चारचौघांत करायची गोष्ट आहे. हरकत घेणाऱ्याला कळलंच पाहिजे, हा त्यातला न्याय. इंग्लंडमध्येही तसंच. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, मंजूर झालं की ते सार्वजनिक दप्तर होतं, कुणीही त्याची नक्कल मागू शकतो. बेवारस मालमत्तांची यादीही तिथल्या सरकारनं वर्षानुवर्षं उघड प्रसिद्ध केली. आणि अण्णांच्या मेलमध्ये दर परिच्छेदात काय लिहिलंय? ‘अत्यंत गोपनीय. कुटुंबीयांशी चर्चा करू नये.’ हे वाक्य अण्णांना मोठ्यानं वाचायला लाव. त्यांच्याइतकं त्याचं वजन दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आता शपथेचं. ती अण्णांनी घातली, पण त्यांच्याकडून ती त्या मेलनं घालून घेतली. घरातली माणसं एकमेकांशी बोलली की हा खेळ संपतो, हे चोरांना ठाऊक असतं. तेव्हा आज रात्री नवऱ्याला सगळं सांग. ४२ हजार तुझ्या हातून गेले हेही सांग. सासऱ्यांनी कोर्ट फी भर म्हटलं आणि तू भरलीस, यात तुझा गुन्हा काही नाही. नवऱ्याला मात्र एक बजावून ठेव, वडिलांना मूर्ख म्हणायचं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत विषय काढायचा नाही. १९९५ ते १९९८ या काळात ब्राझीलच्या बांको नोरोएस्ते बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून नायजेरियातल्या टोळीनं अशीच आगाऊ पैशांची युक्ती करून २४ कोटी २० लाख डॉलर उकळले. कारण दाखवलं होतं अबुजामधल्या नव्या विमानतळाचं, आणि असा विमानतळ कुणी बांधतच नव्हतं. आयुष्यभर पैसा हाताळणारा माणूस फसला. अण्णांनी मान खाली घालायचं कारण नाही, हे त्यांना लेकाच्या तोंडून ऐकू दे.

काका मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नका. ते मोंबासाला गेले होते, त्यांची पत्रं तुमच्या पेटीत आहेत. शोध घ्यायचाच असेल तर पत्त्यांवरून, जुन्या पाकिटांवरच्या शिक्क्यांवरून, तिकडं स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या मंडळांकडून घेता येईल, आणि त्याला पैसे लागत नाहीत. नातवाला सोबत बसवा.

अण्णांनी आधार, पॅन आणि पासबुकाचा फोटो पाठवलाय, तेव्हा आणखी थोडं काम आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या, आधारच्या अधिकृत ॲपमधून होतं. बँकेला कळवा. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट मागवून अण्णांच्या नावावर कुणी कर्ज काढलं नाही ना ते तपासा. आणि यापुढं त्या वकिलाला एक अक्षरही उत्तर नको, शिव्या द्यायलासुद्धा नको.

हे चोर एवढ्यावर थांबणार नाहीत. आता कदाचित रिझर्व्ह बँकेच्या नावानं पत्र येईल, खाली गव्हर्नरची सही, ‘तुमची रक्कम आमच्याकडे जमा आहे’. रिझर्व्ह बँक सामान्य माणसांची खाती ठेवत नाही, आणि अशा पत्रांबद्दल तिनं स्वतःच वेळोवेळी सावध केलं आहे. किंवा काही दिवसांनी एखादा गोड आवाज सांगेल, ‘आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा.’ फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात, म्हणून हा फोन येण्याची शक्यता खूप आहे. असा फोन अण्णांनी न उचललेलाच बरा. ज्या नंबरावरून येईल तो लिहून ठेवा आणि आधीच्या तक्रारीच्या क्रमांकासह पोलिसांना द्या.

तुझी,
ताई