खगोलशास्त्रावरच्या उताऱ्यातले इन्फरन्सचे, म्हणजे निष्कर्ष काढायचे प्रश्न कसे सोडवावेत? कॉमर्सवाल्यांनी असा उतारा सोडूनच द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, एमबीएच्या प्रवेशासाठी कॅटची तयारी चालू आहे, ग्रह-ताऱ्यांवरचा उतारा आला की इन्फरन्सच्या चार प्रश्नांतले तीन चुकतात, आणि क्लासचे सर म्हणतात, ‘आकाशाचा पॅसेज दिसला की पुढे जा, तो सायन्सवाल्यांचा आहे.’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी २००८ साली ग्वाल्हेरला भर वर्गात ऐकलंय. आणि मी सायन्सवालीच होते.

बी.एस्सी. फिजिक्स केलं होतं. आकाशाचं वेड शाळेपासूनचं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून उन्हाळ्यात वृश्चिक पार नांगीपर्यंत दिसायचा, आणि मी धाकट्या भावाला झोपेतून उठवून तो दाखवायचे. कॅट तेव्हा कागदावर व्हायची, मॉक टेस्टही कागदावर. सप्टेंबरातल्या एका मॉकमध्ये नेपच्यूनवरचा उतारा आला आणि मला वाटलं, आज आपला दिवस आहे.

उतारा थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. युरेनस गणितानं सांगितलेल्या वाटेवरून चालत नव्हता. फ्रान्सच्या लव्हेरिएनं मांडलं की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार, आणि तो कुठे असेल तेही काढून दिलं. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गालेनं दुर्बीण तिकडे वळवली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाची कक्षाही हळूहळू अशी सरकताना दिसली की हिशेब लागेना. लव्हेरिएनं १८५९ मध्ये तीच युक्ती वापरली: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी असलं पाहिजे. त्या ग्रहाचं व्हल्कन असं नावही ठरलं. कितीतरी वर्षं लोक सूर्यग्रहणांत त्याला शोधत राहिले. तो सापडला नाही. उतारा इथे संपत होता.

प्रश्न: उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो? पर्याय साधारण असे होते. अ: न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम बुधाच्या बाबतीत अपुरा होता. ब: नेपच्यूनचं यश नसतं तर व्हल्कनवर कोणीच विश्वास ठेवला नसता. क: ज्या विचारपद्धतीनं एकदा यश दिलं, ती तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या अडचणीत फसू शकते. ड: खगोलशास्त्रात गणितापेक्षा निरीक्षण जास्त भरवशाचं असतं.

मी डोळे मिटून ‘अ’ काळा केला. मला माहीत होतं ना! आइन्स्टाइननं १९१५ मध्ये सापेक्षता सिद्धांतानं बुधाचं ते सरकणं सोडवलं, शतकाला ४३ विकला (आर्क-सेकंद), हे मला तोंडपाठ होतं. उत्तर ‘क’ निघालं. चारपैकी माझा एक बरोबर. शेजारी बसणारी मुलगी कॉमर्सची, मर्क्युरी म्हणजे थर्मामीटरमधला पारा एवढंच तिला ठाऊक. तिचे चारही बरोबर.

मी उभी राहिले. म्हटलं, सर, ‘अ’ खरं आहे. सर हिंदीत बोलले, मी मराठीत सांगते: इन्फरन्स शिकवता येत नाही, लहानपणापासून इंग्रजी वाचलेल्यांना ते आपोआप जाणवतं, तुम्ही हिंदी मीडियमवाल्यांनी ग्रामर पक्कं करावं आणि कॉमर्सवाल्यांनी सायन्सच्या पॅसेजच्या वाटेला जाऊ नये. मग शेजारणीकडे बघून म्हणाले, हिचा तुक्का लागला. तिनं तुक्का मारला नव्हता. तिच्या कागदावर ‘तो सापडला नाही’ या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि ‘क’पाशी बाण काढलेला होता. मी तो बाण पाहिला होता आणि तरी गप्प बसले, याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी आले ती रडवेली. बाबा लसूण सोलत बसले होते. ते एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, ऑडिटला होते, उभी हयात दुसऱ्यांची रजिस्टरं तपासण्यात गेली. मी उतारा वाचून दाखवला, अर्थ मराठीत सांगितला. त्यांना व्हल्कन माहीत नव्हता, आइन्स्टाइनचं नाव तेवढं ऐकलेलं. त्यांनी विचारलं, “हे आइन्स्टाइनचं या कागदावर कुठे आहे?” म्हटलं, कागदावर नाही, पण खरं आहे. “मग तुझा पॅरा उडाला,” ते म्हणाले (ऑडिटमधला आक्षेप म्हणजे पॅरा), आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

नंतर त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. एका खात्याच्या जीपला रविवारी ४० लिटर डिझेल दिल्याची नोंद होती. लॉगबुकात त्या रविवारी प्रवासच नाही. नवा ऑडिटर काय लिहील? ड्रायव्हरनं डिझेल विकलं. असेलही विकलेलं, पण ते कागदावर नाही. म्हणून मग नुसतं ‘४० लिटर दिलं’ एवढंच लिहायचं का? ते तर रजिस्टरात आहेच, त्यासाठी ऑडिटर कशाला हवा? लिहायचं ते असं: दिलेल्या डिझेलचा वापर लॉगबुकातून सिद्ध होत नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की हे वाक्य नाकारायला खात्याला जागाच उरत नाही. एकट्या नोंदीत ते लिहिलेलं नाही, दोन्ही मिळून मात्र ते मानावंच लागतं.

इन्फरन्स म्हणजे एवढंच. दोन वाक्यं शेजारी ठेवल्यावर जे मानावंच लागतं ते. ‘असेलही’ वाटतं ते नाही, आणि उताऱ्यात जसंच्या तसं छापलंय तेही नाही. माझ्या उताऱ्यात एक नोंद अशी की ही युक्ती युरेनसला लागू पडली, दुसरी अशी की तीच युक्ती बुधाला लावली आणि ग्रह सापडला नाही. ‘क’ नाकारायला जागा नाही. ‘अ’ला आहे: व्हल्कन नसला तरी सूर्याजवळ धूळ असेल, बारीक खडकांचा पट्टा असेल. खरोखरच काही खगोलशास्त्रज्ञ त्या काळी तसं म्हणत होते. ग्रह न सापडण्यातून न्यूटन अपुरा ठरत नाही. त्यासाठी आइन्स्टाइन लागतो, आणि तो उताऱ्याबाहेर उभा आहे.

मी तरी वाद घातला. म्हटलं, बाबा, ज्ञान असणं हा तोटा कसा होईल? ते काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी मला किल्ल्यावर घेऊन गेले, ग्वाल्हेर दरवाजाकडून पायी. चढणीवर चतुर्भुज मंदिर लागतं, अख्ख्या दगडात कोरलेलं, इतकं लहान की गाड्यांनी वर जाणाऱ्यांना ते माहीतही नसतं. आत भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. त्यात २७० हा आकडा आहे आणि त्यातलं शून्य आज आपण काढतो तसंच वाटोळं, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा बारीक. मी बोट न लावता जवळ जाऊन बघितलं. दाण्याएवढं टिंब, मधून पोकळ.

आम्हा ग्वाल्हेरकरांना लहानपणापासून सांगतात की शून्याचा शोध आपल्या किल्ल्यावर लागला. बाबांनी विचारलं, “यावरून काय निघतं?” मी तेच म्हटलं. ते म्हणाले, “मजकूर काय आहे?” मजकूर असा की देवळाच्या बागेसाठी १८७ हात बाय २७० हात जागा दिली, आणि रोज ५० हार देवाला मिळावेत अशी सोय केली. म्हणजे मोजमाप आणि हारांचा हिशेब. ‘हे एक नवं चिन्ह आहे, याचा अर्थ असा’ असं कोरणाऱ्यानं कुठेही म्हटलेलं नाही. वाचणाऱ्याला ते आधीच कळत असणार असं धरूनच त्यानं कोरलंय. मग या दगडावरून निघतं ते इतकंच की ८७६ साली इथे शून्य रोजच्या हिशेबात रुळलेलं होतं. शोध इथे लागला, असं निघत नाही. उलट शून्य त्याआधीच कुठेतरी रुळलेलं असणार, एवढंच फार तर म्हणता येईल.

मला ते लागलं, कारण ती माझ्या गावाची अभिमानाची गोष्ट होती. पण लेख नीट वाचला तर त्याहून मोठी गोष्ट हाती येते: शून्य तेव्हा विद्वानांच्या पोथीतच अडकलेलं नव्हतं, फुलांच्या हिशेबात उतरलेलं होतं. आपल्या मनातलं आधी बाजूला ठेवल्याशिवाय हे मला दिसलं नसतं.

आता तुमच्याकडे येते. ज्यातलं काही कळत नाही असा एक उतारा घेऊ. हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्डच्या वेधशाळेत काम करायच्या. १९१२ साली त्यांनी लहान मॅगेलन मेघ नावाच्या तारकासमूहातल्या २५ रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होत राहणाऱ्या, ताऱ्यांबद्दल मांडलं की जो तारा जास्त तेजस्वी दिसतो, त्याचं तेज कमी-जास्त होण्याचा काळही जास्त असतो. हे सगळे तारे एकाच मेघातले, म्हणून आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर धरले. पर्याय एक: लेव्हिट यांनी त्या मेघाचं अंतर मोजलं. पर्याय दोन: हे तारे फार वेगवेगळ्या अंतरांवर असते, तर दिसणाऱ्या तेजावरून त्यांच्या खऱ्या तेजाची तुलना करता आली नसती.

अंतराचा शब्द दिसला की हात पहिल्या पर्यायाकडे जातो. सायन्सवाल्याचा जास्तच जातो, कारण पुढे याच शोधावरून अंतरं मोजली गेली हे त्याला माहीत असतं. पण उताऱ्यात अंतर ‘सारखं धरलंय’, मोजलेलं नाही. दुसरा पर्याय उताऱ्यात छापलेला नाही, तरी ‘एकाच मेघातले, म्हणून’ हे शब्द काय काम करतायत असं स्वतःला विचारलंत की तोच हाती येतो. त्यासाठी खगोलशास्त्र लागतं का? रस्त्यावरचे दिवे लागतात. लांबचा दिवा मिणमिणता दिसला म्हणून त्याचा बल्ब लहान, असं कोणी म्हणत नाही.

तुमच्या सरांनी बहुधा आणखी एक युक्ती सांगितली असेल, की ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’ असलेला पर्याय डोळे झाकून कापायचा. आमच्याही सरांची ती होती, आणि मी ती कधीही मानणार नाही. उताऱ्यानंच ठासून ‘कधीच नाही’ म्हटलं असेल तर ‘कधीच नाही’वालाच पर्याय बरोबर. शब्द कडक आहे की मऊ हे बघायचं नसतं, त्याला व्हाउचर आहे का ते बघायचं असतं. ‘ब’ चुकला तो ‘कोणीच’मुळे नाही. लोकांनी व्हल्कनवर विश्वास का ठेवला हे उताऱ्यात कुठेच दिलेलं नव्हतं, म्हणून तो चुकला.

आणि इन्फरन्स शिकवता येत नाही हे साफ खोटं आहे. मी बँकेत नोकरी करते, रविवारी घरी चार-पाच मुलांना हेच शिकवते. सगळी हिंदी मीडियमची, दोघं कॉमर्सची. त्यांना येतं. कारण पर्याय तपासताना ती ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारतात, ‘हे खरं आहे का?’ असं नाही. माझ्या मते कॉमर्सवाल्याला या उताऱ्यात फायदाच आहे. बिल आणि नोंद ताडून बघणं हा त्याचा अभ्यासच आहे, आणि आकाशाबद्दल आधीचं काही डोक्यात नसल्यामुळे मधे लुडबुडायलाही काही नाही.

सोडायचा का, हे तुम्ही विचारलंत. गेल्या काही वर्षांत चाळीस मिनिटांच्या व्हर्बल विभागात चार उतारे, प्रत्येकाचे चार प्रश्न असं येतंय. एक उतारा विषयाच्या नावावरून सोडलात तर १२ गुण न लढता गेले. विषय बघून सोडू नका. पहिला परिच्छेद दोनदा वाचूनही वाक्यांची रचनाच कळत नसेल तर सोडा, मग तो ताऱ्यांवरचा असो की बँकिंगवरचा.

काही गोष्टी राहिल्या. ‘पुढीलपैकी कशानं लेखकाचं म्हणणं कमकुवत होईल’ अशा प्रश्नात पर्यायातली बाहेरची माहिती खरी धरायचीच असते, तिथे माझा नियम लावू नका. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये ‘सर्वांत तर्कसंगत’ निष्कर्ष मागतात, तिथे कधी कधी चारही पर्याय थोडे ढिले असतात आणि त्यातला कमी ढिला निवडावा लागतो. इंग्रजी शब्दच अडत असतील तर हे सगळं नंतरचं, आधी रोज वाचन वाढवा. आणि ही रीत सुरुवातीला हळू चालते. पहिल्या महिन्यात मला एका उताऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. त्या वर्षी माझं कॅट क्वांटमुळे, म्हणजे गणितामुळे, राहिलं. व्हर्बल मात्र पर्सेंटाइल ९४ वर गेलं, आणि शेजारणीचं माझ्याहून वर. सरांना निकाल दाखवायला आम्ही दोघी मिळून गेलो होतो.

सरावासाठी बाबांचीच रीत सांगते. ऑडिटमध्ये त्याला हाफ मार्जिन म्हणतात: अर्ध्या पानावर ऑडिटचा प्रश्न, उरलेल्या अर्ध्यावर खात्याचं उत्तर. कच्च्या कामाच्या कागदाला मधोमध उभी घडी घाला. उजवीकडे पर्यायाचं अक्षर लिहा, डावीकडे तो ज्या वाक्यांवर उभा आहे त्यांचे ओळ क्रमांक. इन्फरन्स असेल तर बहुतेक वेळा दोन क्रमांक लागतात. एकच लागला तर पर्यायात उताऱ्याचंच वाक्य फिरवून लिहिलंय का ते बघा. डावी बाजू कोरी राहिली तर तो पर्याय तिथेच कापा, तुम्हाला तो कितीही खरा वाटला तरी.