लेझरने मेंदूतल्या पेशी चालू करून एमआरआय कशाला काढतात? इलेक्ट्रोडने विजेचा झटका देऊन भागत नाही का?

नाही भागत. इलेक्ट्रोडने करंट सोडला की टोकाभोवतीचं असेल नसेल ते सगळं पेटतं, तिथून नुसते वाटेने जाणारे परक्या भागांचे तंतूसुद्धा. मग मेंदूच्या दुसऱ्या टोकाला सिग्नल उठला तर तो कोणामुळे, हे सांगणार कसं? शिवाय धातूमुळे एमआरआयच्या चित्रात डाग पडतो, तो वेगळाच.

उजेडाची युक्ती शेवाळाकडून उचललेली आहे. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळात चॅनलऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. निळा उजेड पडला की ते दारासारखं उघडतं, धनभारित आयन (विद्युतभार असलेले कण) आत शिरतात आणि पेशी चेतते. त्याचं जनुक विषाणूच्या पाठीवर बसवून उंदराच्या मेंदूत पाठवायचं, तेही अशा बेताने की हव्या त्याच जातीच्या न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीत, प्रथिन तयार होईल. मग काचेच्या बारीक फायबरमधून लेझर सोडायचा. स्टॅनफर्डच्या जिन ह्युंग ली आणि कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने २०१० मध्ये उंदराच्या मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या हालचालीच्या भागावर, हे करून दाखवलं, आणि दूर, मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागातही सिग्नल उमटला, जरा उशिराने.

एमआरआय मात्र न्यूरॉन बघत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक बघतो, म्हणून सगळं काही सेकंद मागून दिसतं.

माझी पीएचडी यातच गेली. एकदा दृष्टीच्या भागात झकास सिग्नल मिळाला म्हणून मी खूश! निघालं काय, तर फायबरच्या जोडातून निळा उजेड झिरपत होता आणि उंदीर तो चक्क डोळ्यांनी बघत होता. तेव्हापासून जोडाला काळी टेप आणि डोळ्यांवर काळा कपडा. लेझरच्या उष्णतेनेही खोटा सिग्नल येतो, त्यामुळे जनुक न घातलेला उंदीर त्याच लेझरखाली तपासावाच लागतो.

पण खरी गंमत ठेक्यात आहे. २०१५ मध्ये लींच्याच गटाने झोपलेल्या उंदरांच्या मध्य-थॅलॅमसमधल्या पेशी सेकंदाला ४० किंवा १०० वेळा चेतवल्या, तर मेंदूचा मोठा भाग उजळला आणि उंदीर जागे झाले. त्याच पेशी, तोच फायबर, फक्त वेग १० वर आणला, तर संवेदनेचा कॉर्टेक्स उलट दबला आणि उंदीर एखाद्या भान हरपणारी फिट आलेल्या मुलासारखे थिजून राहिले. या दबण्यामागे झोना इन्सर्टा नावाचा चिमुकला भाग होता. त्याला गप्प केल्यावर कॉर्टेक्सवरचा दाब कमी झाला.