नागपूरच्या उन्हाळ्यात ०डब्ल्यू-२० ऑईल टिकेल का?

प्रश्न : माझ्या नव्या पेट्रोल गाडीच्या माहितीपुस्तिकेत ०डब्ल्यू-२० इंजिन ऑईल सांगितले आहे. गॅरेजवाले म्हणतात की मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात इतके पातळ ऑईल टिकणार नाही, २०डब्ल्यू-५० घाला. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पुस्तिकेचे ऐकावे. जुन्या इंजिनांवर हात बसलेल्या कारागिराला जाड ऑईलचा भरवसा वाटणे स्वाभाविक आहे, पण चालू इंजिनातील ऑईल किती तापते हे बाहेरच्या उन्हावर फारसे अवलंबून नसते. थर्मोस्टॅट ही झडप कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान बाराही महिने साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो आणि ऑईल त्याच्या थोडे मागेपुढे राहते. म्हणूनच ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणावरून ठरतो : ‘२०’साठी तो ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक), तर ‘५०’साठी १६.३ ते २१.९, म्हणजे दुपटीहून अधिक. शिवाय १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये होते तशा घुसळणीतही ‘२०’ ग्रेडच्या ऑईलला ठरावीक किमान दाटपणा राखावाच लागतो.

‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा (विंटर), तेव्हा त्याचा आपल्याला काय उपयोग, असेही विचारले जाते. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑईल थंड असताना पातळ राहते. नागपूरच्या सकाळी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतले कोणतेही ऑईल तापलेल्या ऑईलपेक्षा कितीतरी जाड असते, आणि चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) लवकर पोहोचणे झीज टाळण्यासाठी महत्त्वाचे असते. व्हॉल्व्हची वेळ ऑईलच्या दाबाने बदलणाऱ्या आजच्या इंजिनांत अरुंद वाटांतून जाड ऑईल संथपणे सरकते, त्यामुळे ही यंत्रणा उशिरा प्रतिसाद देऊ शकते. इंधन जास्त लागते ते वेगळेच.

पुस्तिकेतील तक्त्यात ५डब्ल्यू-३० हाही पर्याय दिला असेल आणि आपण भरल्या गाडीने वारंवार घाट चढत असाल, तर तो निवडण्यास हरकत नाही. त्यापलीकडे जाऊ नये. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवरची पातळी घटत असेल, तर ऑईल जाड करण्याआधी ते कोठे जाते हे शोधावे. डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर ग्रेडइतकेच महत्त्व कमी राख सोडणाऱ्या ऑईलला आहे, कारण राखेने तो फिल्टर हळूहळू तुंबतो. वॉरंटी शिल्लक असेल, तर डब्यावरील ग्रेड बिलावर लिहून घ्यावी.