क्ले टार्गेट नेमबाजीसाठी प्रत्येक देशात एकच राष्ट्रीय संघटना असते का? सदस्यत्व कोणाकडे घ्यावं?

नाही, यंत्राने हवेत उडवलेल्या तबकड्या शॉटगनने फोडण्याच्या या खेळात एकच संघटना असेल असं नाही. इटली आणि जपानमध्ये क्ले टार्गेटची संघटना वेगळी आणि रायफल-पिस्तुलाची वेगळी आहे. जर्मनीत सगळं एकाच छत्राखाली चालतं. अमेरिकेत तर चार मोठ्या संघटना आहेत आणि चारही आपापल्या जागी पूर्ण अधिकृत आहेत. सदस्यत्व कोणाकडे घ्यायचं तेही तुम्ही विचारलं आहे. जमेल तेवढे देश सांगतो, पण त्याआधी एक आग्रह धरतो. देशाचं नाव बाजूला ठेवा आणि आधी खेळाचा प्रकार ठरवा. प्रकार ठरला की संघटना आपोआप समोर येते. उलट दिशेने गेलात तर गोंधळ ठरलेला.

तबकडी सगळीकडे जवळपास सारखीच असते. ११० मिलिमीटर व्यास, साधारण १०५ ग्रॅम वजन, डांबरासारखा राळेचा पदार्थ आणि चुनखडीची पूड. पण ती कशी सुटते आणि तुम्हाला किती काडतुसं मिळतात, यावर खेळ बदलतो. ट्रॅप या प्रकारात तबकडी नेमबाजापासून दूर उडत जाते. ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये जमिनीखालच्या खंदकात १५ यंत्रं असतात. त्यांपैकी कोणतं सुटणार हे नेमबाजाला ठाऊक नसतं. तबकडी ७६ मीटरपर्यंत जाईल इतक्या वेगाने निघते आणि तिच्यावर दोन गोळ्या झाडता येतात. अमेरिकन ट्रॅपमध्ये यंत्र एकच, तबकडीचा वेग कमी आणि गोळी एकच. तिथली कसोटी वेगळी आहे. जसजसे तुम्ही चांगले होता तसतसं तुम्हाला मागे सरकवतात, १६ यार्डांपासून थेट २७ यार्डांपर्यंत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 'डाउन द लाइन' लोकप्रिय आहे. त्यात पहिल्या गोळीने तबकडी फोडली तर तीन गुण, दुसरीने फोडली तर दोन.

स्कीट, म्हणजे दोन बाजूंनी आडव्या उडणाऱ्या तबकड्यांचा प्रकार, त्याचंही तसंच. ऑलिम्पिक स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो आणि नेमबाजाने हाक दिल्यावर तबकडी तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटू शकते. अमेरिकन स्कीटमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावलेली चालते आणि हाकेसरशी तबकडी निघते. मला स्वतःला ऑलिम्पिक स्कीट अधिक प्रिय आहे, कारण त्या तीन सेकंदांत माणसाचा संयम कळतो. पण अमेरिकन स्कीट सोपं म्हणून कमी दर्जाचं, असं कोणी म्हटलं तर मला ते पटत नाही. तिथे शंभरपैकी शंभर फोडणारे इतके असतात की एक तबकडी हुकली की स्पर्धा संपली. तो ताण निराळाच.

आता संघटना. जागतिक पातळीवर दोन महत्त्वाच्या आहेत. पहिली आयएसएसएफ, म्हणजे इंटरनॅशनल शूटिंग स्पोर्ट फेडरेशन. १९०७ साली झुरिकमध्ये आठ देशांच्या संघटनांनी ती स्थापन केली आणि आज तिचं मुख्यालय म्युनिकमध्ये आहे. ऑलिम्पिकचा रस्ता फक्त तिच्यातून जातो. दुसरी फिटास्क. ती पॅरिसमध्ये आहे आणि तिची मुळं १९२१ पर्यंत जातात. युनिव्हर्सल ट्रेंच, स्पोर्टिंग (शिकारीतल्यासारख्या उडणाऱ्या तबकड्यांचा प्रकार), कॉम्पॅक स्पोर्टिंग, हेलिस हे तिचे प्रकार. शिकारीच्या मैदानातून आलेला खेळ तिने जपला आहे. यातलं काहीही ऑलिम्पिकमध्ये नाही, तरी जगातले काही अप्रतिम नेमबाज आयुष्यभर फक्त फिटास्कच्या स्पर्धा खेळतात.

अमेरिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. अमेरिकन ट्रॅप चालवते ॲमॅच्युअर ट्रॅपशूटिंग असोसिएशन, म्हणजे एटीए. १९२३ पासूनची ही संघटना. तिची 'ग्रँड अमेरिकन' स्पर्धा अनेक दशकं ओहायोतल्या व्हँडेलियाला भरायची. २००६ पासून ती इलिनॉयमधल्या स्पार्टाला भरते. कॅनडातले अमेरिकन ट्रॅपवालेही एटीएच्याच व्यवस्थेत खेळतात. स्कीटसाठी नॅशनल स्कीट शूटिंग असोसिएशन आहे, टेक्सासच्या सॅन अँटोनियोत. तिच्याच पोटात १९८९ साली नॅशनल स्पोर्टिंग क्लेज असोसिएशन तयार झाली. अमेरिकेत फिटास्क खेळायचं असेल तर याच दारातून जावं लागतं. चौथी यूएसए शूटिंग, कोलोरॅडो स्प्रिंग्जची. १९७८ च्या अमेरिकन कायद्यानुसार ऑलिम्पिकच्या प्रत्येक खेळाला एकच मान्यताप्राप्त राष्ट्रीय संस्था असते. नेमबाजीत तो मान १९९५ पासून यूएसए शूटिंगकडे आहे. किम रोडने १९९६ ते २०१६ अशा सलग सहा ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवली. व्हिन्सेंट हॅनकॉकने स्कीटची चार सुवर्णं जिंकली. ते सगळं याच रस्त्याने झालं. एटीएच्या व्यवस्थेत लाखभर तबकड्या फोडलेल्या माणसालासुद्धा ऑलिम्पिकच्या संघात यायचं तर इथे नव्याने, पहिल्या पायरीपासून यावं लागतं.

ब्रिटनमध्ये गुंता वेगळा आहे. तिथे प्रकारांपेक्षा राष्ट्रांची विभागणी जास्त महत्त्वाची. इंग्लंडची क्ले पिजन शूटिंग असोसिएशन, म्हणजे सीपीएसए, १९२८ पासून आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संघटना वेगळ्या. राष्ट्रकुल स्पर्धेत २०१८ पर्यंत नेमबाजी होती, तेव्हा हे चौघे स्वतंत्र झेंड्यांखाली उतरत. ऑलिम्पिकमध्ये मात्र ग्रेट ब्रिटन एक असतो आणि ती जबाबदारी ब्रिटिश शूटिंग नावाच्या वेगळ्या संस्थेची. म्हणजे तेव्हा एकच स्कॉटिश नेमबाज दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या निवड समित्यांसमोर उभा राहायचा.

ऑस्ट्रेलियाची क्ले टार्गेट असोसिएशन न्यू साउथ वेल्समधल्या वागा वागा गावी आहे. तिचं स्वतःचं भलंमोठं राष्ट्रीय मैदान तिथेच आहे. ऑलिम्पिकसाठी मात्र तिच्या वर शूटिंग ऑस्ट्रेलिया आहे. ऑस्ट्रेलियात संघटनेला आणखी एक वजन आहे. १९९६ च्या शस्त्र करारानंतर परवान्यासाठी 'खरं कारण' दाखवावं लागतं. खेळ हे कारण द्यायचं तर मान्यताप्राप्त क्लबचं सदस्यत्व लागतं. तिथे सदस्यत्व ही नुसती हौस राहिलेली नाही, कायदेशीर आधार झाला आहे. न्यूझीलंडची स्वतःची क्ले टार्गेट असोसिएशन आहे, दक्षिण आफ्रिकेचीही आणि आयर्लंडचीही.

इटलीबद्दल मला थोडं थांबून सांगायचं आहे. तिथली फिताव ही फक्त उडत्या तबकड्यांची संघटना. रायफल आणि पिस्तूल यूआयटीएस नावाच्या दुसऱ्या संघटनेकडे. एका छोट्या खेळासाठी स्वतंत्र संघटना हवी कशाला, असं वाटेल. पण त्यामुळेच इटलीत क्ले टार्गेटची मैदानं, पंच आणि प्रशिक्षक यांवर कोणाची नजर दुय्यम राहिली नाही. रायफलवाल्यांशी पैशांसाठी भांडावं लागलं नाही. बेरेटा आणि पेराझी या बंदूक बनवणाऱ्या कंपन्याही त्याच मातीतल्या. फितावचं वजन किती, याचा एक पुरावा देतो. तिचे दीर्घकाळचे अध्यक्ष लुचानो रोसी २०२२ साली आयएसएसएफचे अध्यक्ष झाले. तेव्हाच्या अध्यक्षाला त्यांनी १३६ विरुद्ध १२७ मतांनी हरवलं. इटलीच्या कुशीतल्या सान मारिनोने आपलं पहिलं ऑलिम्पिक पदक टोकियोत मिळवलं, तेही ट्रॅपमध्येच, अलेस्सांद्रा पेरिलीने. अवघी ३४ हजारांच्या आसपास वस्ती असलेला देश!

जपानची क्ले शूटिंग असोसिएशनही रायफल संघटनेपासून वेगळी आहे. पंतप्रधान झालेले तारो आसो १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये स्कीट खेळले होते आणि पुढे या संघटनेचे अध्यक्षही होते. जर्मनीत १८६१ सालचा डॉइचर शुट्झेनबुंड सगळ्या प्रकारांची नेमबाजी सांभाळतो. फ्रान्समध्ये बॉल-ट्रॅपचा महासंघ आणि सर्वसाधारण नेमबाजी महासंघ असे दोन आहेत.

भारतात एकच: नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९५१, पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर. नावात 'रायफल' असलं तरी शॉटगनही तिच्याच अखत्यारीत येते. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवणारे बिकानेरचे कर्णी सिंह, २००६ चे जागतिक विजेते मानवजित सिंग संधू, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये डबल ट्रॅपचं (एकदम दोन तबकड्या सुटतात तो प्रकार) रौप्य जिंकणारे राज्यवर्धनसिंह राठोड, हे सगळे तिच्यामार्फतच खेळले.

डबल ट्रॅपचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. वरची संघटना एक निर्णय घेते आणि खालच्या देशांची वर्षांची मेहनत पाण्यात जाते, असं इथे घडलं. हा प्रकार १९९६ ते २०१६ ऑलिम्पिकमध्ये होता. टोकियोसाठी तो काढून मिश्र सांघिक ट्रॅप आणलं. स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा समान करण्यासाठी ते केलं आणि तो हेतू मला मान्य आहे. पण अंकुर मित्तल २०१८ साली डबल ट्रॅपचा जगज्जेता झाला तेव्हा त्याच्या प्रकाराला ऑलिम्पिकचं दारच उरलं नव्हतं. याची हळहळ मला अजून वाटते. याहून कठोर उदाहरण चीनच्या झांग शानचं. १९९२ साली बार्सिलोनात स्कीट स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होतं. तिने सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. १९९६ साली ते फक्त पुरुषांचं झालं आणि स्त्रियांसाठी स्कीट नव्हतंच. ते आलं २००० साली. नियमपुस्तक कोणाच्या हातात आहे, हे म्हणून विचारावं लागतं.

राष्ट्रीय संघटना किंवा तिच्यावरची ऑलिम्पिक समिती निलंबित झाली तर काय होतं, हेही तुम्हाला माहीत असायला हवं, कारण किंमत नेमबाज मोजतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून कुवेतच्या ऑलिम्पिक समितीला निलंबित केलं गेलं. फेहैद अल-दीहानी याने त्याआधी २००० आणि २०१२ साली कुवेतसाठी कांस्यपदकं आणली होती. २०१६ साली रिओत त्याने डबल ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं, पण स्वतंत्र खेळाडू म्हणून. वर चढला ऑलिम्पिकचा झेंडा. त्याच्या कोणत्याही देशवासीयाने यापूर्वी कधीही ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं नव्हतं आणि हे सुवर्ण कुवेतच्या खात्यात गेलंच नाही. अब्दुल्ला अल-रशिदीने तिथेच स्कीटचं कांस्य स्वतंत्र खेळाडू म्हणून घेतलं. टोकियोत, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्याने पुन्हा कांस्य मिळवलं, या वेळी कुवेतच्या नावावर.

ग्वाटेमालाची आद्रियाना रुआनो थोडक्यात वाचली. पाठीच्या दुखापतीमुळे जिम्नॅस्टिक्स सोडून ती ट्रॅपकडे आली. २०२३ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं तेव्हा तिच्या देशाची ऑलिम्पिक समिती निलंबित होती, म्हणून तिथेही स्वतंत्र खेळाडूंचा संघ. मार्च २०२४ मध्ये निलंबन तात्पुरतं उठलं. त्याच उन्हाळ्यात पॅरिसमध्ये तिने ५० पैकी ४५ तबकड्या फोडून ऑलिम्पिक विक्रमासह सुवर्ण घेतलं, आणि ते ग्वाटेमालाचं इतिहासातलं पहिलं सुवर्ण म्हणून नोंदलं गेलं. काही महिने इकडचे तिकडे झाले असते, तर तिच्याही वाट्याला अल-दीहानीसारखाच समारंभ आला असता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. नवशिके असाल तर जवळचं मैदान ज्या संघटनेशी संलग्न आहे तिचं सदस्यत्व घ्या. बहुतेक ठिकाणी तोच व्यवहार्य मार्ग असतो. मैदानावर एकच प्रश्न विचारा: इथे फोडलेल्या तबकड्या कोणाच्या दप्तरी नोंदल्या जातात? कारण वर्गवारी आणि हँडिकॅप (किती मागे उभं राहून खेळायचं ते) या नोंदींवरच ठरतात आणि एका संघटनेची नोंद दुसरीकडे चालेल हे गृहीत धरू नका. सदस्यत्वासोबत विमा मिळतो का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

ऑलिम्पिकची इच्छा असेल तर संघटनेच्या नावात 'राष्ट्रीय' आहे की नाही हे बघत बसू नका. आयएसएसएफच्या सदस्यांच्या यादीत तिचं नाव आहे का ते तपासा. स्पोर्टिंग आवडत असेल तर तेच फिटास्कच्या यादीत बघा. काडतुसांचे नियमही लगेच वाचून घ्या. आयएसएसएफच्या स्पर्धेत छर्ऱ्यांचं वजन २४ ग्रॅमच्या आसपास मर्यादित आहे, तर अमेरिकन ट्रॅपमध्ये ते साधारण ३२ ग्रॅमपर्यंत चालतं. चुकीच्या काडतुसांचा खोका घेऊन गेलात तर पंच तुम्हाला खेळू देणार नाही. पुढे प्रकार बदलावासा वाटला तर दुसरीकडे वेगळं सदस्यत्व घ्यावं लागेल. त्याला काही आडकाठी नसते. एकाच वेळी दोन-तीन संघटनांचे सदस्य असलेले नेमबाज पुष्कळ आहेत.